बिनतिळाचा पिंड

आईनं ताजमहालाकडे पाठ केली होती.

आमच्या यात्रा कंपनीची झाडून सगळी माणसं त्या लांबलचक हौदाच्या कडेनं फोटो काढून घेत होती. कुणी चिमटीत घुमट धरत होतं, कुणी नवऱ्याच्या शेजारी उभं राहायलाही लाजत होतं. आई मात्र एका दगडी बाकावर मोठ्या दरवाज्याकडे तोंड करून बसली होती आणि आत येणाऱ्या पुरुषांचे चेहरे निरखत होती. म्हातारे आणि पोरं ती सोडून द्यायची. तिशीच्या आसपासचे तेवढे बघायची.

कंपनीचे मोघे धापा टाकत आले. सगळ्या यात्रेकरूंना खूश ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि आमच्या कुटुंबाच्या बाबतीत ती काही त्यांना पेलत नव्हती.

"अहो काकू, हे काय! लोक साता समुद्रापलीकडून येतात हे बघायला, आणि तुम्ही उलट्या बसलात?"

"बघितला हो मघाशी. छान आहे," आई म्हणाली. नजर दरवाज्यावरच. "मोघे, आत यायला हे एवढंच दार का?"

"बाहेर तीन आहेत. पण आत यायचं तर याच दरवाज्यातून."

"मग बरं आहे," असं म्हणून आईनं पदर खोचला आणि ती नीट बसली.

मोघ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हौदातल्या पाण्याकडे बघितलं. अण्णा लांब एका झाडाखाली उपरण्यानं चष्मा पुसत उभे होते. त्यांना काही बघायचं नसलं की त्यांचा चष्मा हमखास खराब व्हायचा.

माझा धाकटा भाऊ मुकुंद एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून गेला होता. कारण म्हणाल तर साताऱ्यातल्या कुठल्याही घरात रोज घडावं इतकं साधं होतं. अण्णा एसटीच्या डेपोत होते, त्यांना मुकुंदला तिथंच चिकटवायचं होतं. त्याला ते नको होतं. शब्दानं शब्द वाढला आणि अण्णा म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मुकुंदनं चपला घातल्या आणि तो गेला. संध्याकाळी येईल म्हणून आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

त्यानंतर पोलीस झाले, वर्तमानपत्रं झाली, ज्योतिषी झाले. मग लोकांना तो दिसायला लागला. कुणाला हरिद्वारला गंगेच्या काठी दिसला, कुणाला अमृतसरच्या लंगरात पोळ्या लाटताना. तालमीजवळच्या शिंप्याच्या मेहुण्याला तो कन्याकुमारीला शंखांच्या दुकानात दिसला. एका बाईंना म्हैसूरच्या राजवाड्याबाहेर चपला सांभाळताना दिसला. देशातली बघण्यासारखी म्हणून जेवढी ठिकाणं आहेत, त्या सगळ्या ठिकाणी माझा भाऊ कुणाला ना कुणाला दिसला. न बघण्यासारख्या ठिकाणी तो कधीच कुणाला दिसला नाही. याचं कारण माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लोक बघण्यासारख्या ठिकाणीच जातात.

आणि तो दिसला की आम्ही निघायचो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. माझी सगळी रजा त्यातच जायची. शेजारच्या माई म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाई, भारतभर हिंडता. हौस लागते त्याला!" हसावं की रडावं कळायचं नाही. मला कोल्हापूरचं एक स्थळ आलं होतं. ते बघायला येणार त्या दिवशी आम्ही जगन्नाथपुरीला समुद्रावर उभे होतो, कारण आदल्या आठवड्यात तिथं कुणी तरी मुकुंदसारखं बोलणारा नावाडी बघितला होता. ते लोक पुन्हा आले नाहीत. आईच्या ते लक्षातही राहिलं नाही. चौतिसावं लागलं तरी माझं लग्न व्हायचं आहे, ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नसे. विषयच एक होता.

आजही कुणी सहलीला निघालं की मला विचारायला येतं, "तुम्ही सगळं बघितलंय, काय काय बघावं?" काय सांगू? कन्याकुमारीला तीन समुद्र मिळतात म्हणे. मला तिथली बोटीची रांग आठवते, कारण आम्ही ती डोक्यापासून शेपटापर्यंत तपासली होती.

ही यात्राही तशीच निघाली होती. मथुरा, आग्रा, प्रयाग, काशी, गया. त्या सगळ्या पट्ट्यात मुकुंद कधी ना कधी दिसलेला होता. आईनं स्वतः जाऊन नावं नोंदवली. अण्णांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचा हक्क त्यांनी त्या एका वाक्यानंतर गमावला होता आणि हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

काशीला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मोघ्यांनी सकाळी सगळ्यांना नावेत बसवलं. उन्हं नुकती वर आली होती. घाटांवर आंघोळी चालल्या होत्या. मोघे एकेका घाटाचं नाव सांगत होते आणि बायका पाण्यात फुलं सोडत होत्या. आई नावेच्या कडेला बसून घाटाच्या पायऱ्या बघत होती.

एकदम ती उभी राहिली. नाव कलली, नावाडी ओरडला, पलीकडच्या बाईंच्या हातातलं तबक पाण्यात गेलं.

"तो बघ! वृंदे, तो बघ. एक खांदा पाडून चालतोय."

"आई, खाली बस."

"अगं, असं मुकूशिवाय कोण चालतं? नाव वळवा! अहो, ऐकता ना? नाव तिकडं घ्या!"

नावाड्यानं शिव्या घालत नाव काठाला लावली, ती केवळ नाव उलटू नये म्हणून. ती नीट टेकायच्या आतच आई चिखलात उतरली आणि पायऱ्या चढायला लागली. साठी उलटलेली, गुडघे दुखतात म्हणून घरी मोरीपर्यंत जाताना भिंत धरणारी बाई कशी धावली असेल याचा विचार करा. मी तिच्या मागे, अण्णा माझ्या मागे.

गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती. तो माणूस तिथं आपल्या मित्रांत जाऊन बसला होता. दाढी राखलेली, अंगात मळका स्वेटर. आईनं सरळ जाऊन त्याचं मनगट धरलं.

"मुकू."

तो दचकला. "क्या है, माताजी?"

"मुकू, मी आई. बघ तरी माझ्याकडे."

मी पोचले होते. "माफ कीजिए, भैया," म्हणून मी आईचा हात सोडवायला लागले. माझं हिंदी अशा प्रसंगांवरच पोसलेलं होतं. "इनका बेटा खो गया है. आपको देखकर..."

हे मी सांगायला नको होतं. त्यातला एक टवाळ पोऱ्या त्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "अरे, कह दे हाँ. बुढ़िया खुश हो जाएगी."

आणि तो दाढीवाला आईकडे बघून म्हणाला, "हाँ अम्मा. मैं ही हूँ."

आईनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून. मग ती त्याला मराठीत म्हणाली, "जेवलास का रे?"

टपरीवरचे सगळे खदखदून हसले. तोही हसला, पण मध्येच थांबला. काय विचारलं ते त्याला कळलं नसावं, पण ते हसण्यासारखं नाही एवढं कळलं असावं. त्यानं हळूच आईचे हात बाजूला केले, ग्लास ठेवला आणि खाली मान घालून गल्लीत निघून गेला. यावेळी तो दोन्ही खांदे सरळ ठेवून चालत होता, किंवा मला तसं दिसलं.

मागे वळून बघितलं तर अण्णा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. चष्मा पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दुपारी धर्मशाळेत आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. यात्रेतल्या बायका दारातून डोकावून जात होत्या. अण्णांनी मला खुणेनं गच्चीत बोलावलं. तिथं कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. त्यांच्या आडोशाला उभे राहून ते म्हणाले, "वृंदा, मी मोघ्यांशी बोललोय. परवा गयेला त्याचं उरकून टाकू."

"कुणाचं?"

"मुकुंदाचं." आवाज अडखळला. त्यांनी ते नाव कितीतरी वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं असेल. "बारा वर्षं झाली. बारा वर्षं पत्ता नसला की गेला असं समजून क्रिया करावी असं शास्त्रात आहे. आमच्या आई-वडिलांचे पिंड घालायचेच आहेत. त्यातच एक त्याचा."

"आईला सांगितलंत?"

"सांगितलं तर ती करू देईल? झालं की मग सांगू."

"अण्णा, ती तुम्हाला जन्मात क्षमा करायची नाही."

"आता कुठं केलीय?" ते म्हणाले. "तो मला स्वप्नात पाणी मागतो, वृंदा. कुठं तरी गाडीखाली सापडला असेल, तापानं गेला असेल. बेवारशी म्हणून जाळला असेल. कुणी पाणी दिलं असेल का त्याला? मी बाप आहे. मी नाही द्यायचं तर कुणी द्यायचं?"

मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगते, माझ्या मनात आलं की सुटलो. जिवंत असेना का, मेलेला असेना का, एकदाचं काही तरी ठरू दे. मुकुंदवर माझाही जीव होता. त्याला सायकल मी शिकवली होती. पण माणूस किती दिवस दारात उभं राहून वाट बघणार? माझे पाय मोडून आले होते.

गयेला फल्गू नदीला पाणी नव्हतं. नुसती वाळू. खणली की पाणी लागतं, असं आमचे गुरुजी म्हणाले. हे गुरुजी मराठी होते. पिढ्यान् पिढ्या गयेतच राहिल्यामुळे त्यांच्या बोलण्यात हिंदीचा हेल आला होता, पण शब्द मात्र माझ्या पणजीच्या तोंडी शोभतील असे. वयानं अण्णांहून मोठे, अंगानं काटकुळे, आवाज मात्र खणखणीत.

मंडपात ओळीनं यात्रेकरू बसले होते. जिकडेतिकडे पत्रावळी, पिठाचे गोळे, तीळ, दर्भ, पैशांवरून हुज्जती आणि त्यातच कुणाचे तरी हुंदके. आई अण्णांच्या उजव्या हाताला बसली. काशीपासून ती फारशी बोलली नव्हती. पण हे काम तिला माहीत होतं, तिला ते आवडलंही असावं. गुरुजींनी नावं विचारली तशी तीच सांगत गेली. अण्णांचे वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी. मग तिच्या माहेरचे. अण्णांची एक आत्या होती, बालपणीच विधवा झालेली. तिचंही नाव आईनं आठवणीनं घातलं. अण्णा पिंड ठेवत होते, आई त्यांच्या हाताला हात लावत होती आणि मी मागे पाण्याचा तांब्या धरून उभी होते.

"झालं ना सगळं?" आईनं विचारलं.

पत्रावळीवर एक पिंड उरला होता. गुरुजींनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली. गुरुजींनी तो त्यांच्या हातावर ठेवला, वर तीळ घातले आणि आवाज खाली आणून भरभर संकल्प म्हणायला सुरुवात केली. पण आवाज मुळातच खणखणीत. खाली आणून आणून किती आणणार? आणि संकल्पात नाव, गोत्र, नातं सगळं सांगावंच लागतं. "काश्यपगोत्रस्य, मुकुंदशर्मणः, अस्मत्पुत्रस्य..."

आईनं हात काढून घेतला.

"गुरुजी, परत म्हणा."

गुरुजी थांबले.

"काय म्हणालात? कुणाचं नाव घेतलंत?"

"अगं, ऐक," अण्णा म्हणाले. "बारा वर्षं..."

आईनं अण्णांच्या तळहातावरचा पिंड उचलला आणि मुठीत धरला. इतका घट्ट की पीठ बोटांच्या फटींतून बाहेर आलं. "हा मी ठेवू देणार नाही," ती म्हणाली. "माझ्या जिवंत पोराला तीळ वाहता? तुम्ही? घालवलात तेव्हा समाधान झालं नव्हतं, आता मारायला निघालात?"

आजूबाजूच्या पत्रावळींवरचे मंत्र थांबले. लोक माना वळवून बघायला लागले. अण्णा एरवी चारचौघांत आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी ते इतक्या मोठ्यानं ओरडले की मंडपातलं कबुतर उडालं.

"हो, मी घालवला! मीच म्हणालो तोंड दाखवू नकोस. आयुष्यात त्यानं माझं एकच ऐकलं, आणि तेच का ऐकावं? रोज विचारतो मी हे, रोज! तू लोकांची तोंडं बघत हिंडतेस आणि मी तुझ्या मागे हिंडतो. तो मेला असला आणि मी पाणी दिलं नाही तर तो तसाच तळमळत फिरणार. जिवंत असला आणि दिलं तर मी त्याला दुसऱ्यांदा मारला. मी काय करू ते तू सांग. सांग ना! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू सांग, तसं करतो."

एवढं बोलून ते रडायला लागले. मी त्यांना रडताना कधीच बघितलं नव्हतं. म्हातारा माणूस तोंड उघडं ठेवून रडताना फार वाईट दिसतो. आईची मूठ मिटलेलीच होती, पण तिचा दुसरा हात अण्णांच्या पाठीवर गेला.

गुरुजींनी दोघांना शांत होऊ दिलं. मग ते म्हणाले, "बाई, तो पिंड इकडे द्या. नाही ठेवत मी. आईची ना असली तर मी नाही ठेवत." त्यांनी आईची बोटं एकेक करून सोडवली आणि ते पीठ बाजूला ठेवलं. "यजमान, एक सांगतो. मुलाचं राहू द्या. तो आहे की नाही ते नारायण जाणे. तुम्ही तुमचं करा."

"आमचं म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"वर टेकडीवर जनार्दनाचं देऊळ आहे. जिवंत माणसानं स्वतःचा पिंड ठेवावा अशी साऱ्या पृथ्वीवर ती एकच जागा. ज्याला पुत्र नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, तो येतो. पिंडात दही घालायचं आणि जनार्दनाच्या डाव्या हातावर ठेवायचा. देवाला म्हणायचं, मी गेल्यावर हा मला दे. मग मागे कुणी करो न करो, तुमचं अडत नाही."

आई डोळे पुसून ऐकत होती. "म्हणजे मुकूवर मग आमचं काही राहणार नाही?"

"काही नाही. तो मोकळा."

"तो आला तर मग ओझं म्हणून नाही यायचा. मोकळेपणी येईल," आई म्हणाली आणि तिनं अण्णांकडे बघितलं. "अहो, तसंच करू या ना. आपलं आपण."

अण्णांनी मान डोलावली. बारा वर्षांत माझ्या आई-वडिलांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं, आणि ते स्वतःची क्रिया स्वतःच उरकण्यावर झालं.

मोघे म्हणाले, जीप करून देतो. टेकडीच्या पायथ्याशी उतरल्यावर गुरुजी म्हणाले, दही घ्यायचं राहिलं. आईनं मला सांगितलं, "वृंदे, जा गं, दही घेऊन ये. चांगलं घट्ट बघ."

मी गेले. एका दुकानात घट्ट नव्हतं म्हणून दुसऱ्या दुकानात गेले. आई-वडिलांच्या पिंडासाठी घट्ट दही शोधत मी गयेच्या बाजारात फिरले. सांगितलेलं काम नीट करायची मला सवय होती. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं.

द्रोण सांभाळत मी पायऱ्या चढून वर गेले. देऊळ लहान, काळ्या दगडाचं, आत अंधारलेलं. शेजारच्या मंगळागौरीच्या देवळात जाणाऱ्या बायकांची गर्दी बाहेरच्या बाहेर जात होती. आत फक्त आम्ही. जनार्दनाची काळी मूर्ती एक हात पुढे करून उभी होती. घ्यायलाच उभी होती. तिच्यासमोर अण्णा आणि आई मांडी घालून बसले. गुरुजींनी माझ्या हातातल्या द्रोणातलं दही घेऊन पिठात कालवलं आणि दोन गोळे वळले.

आई म्हणाली, "तीळ?"

"याला नसतात, बाई. तीळ गेलेल्यांना. जिवंत माणसाचा पिंड बिनतिळाचा." त्यांनी एक अण्णांच्या हातावर ठेवला, एक आईच्या. "आता देवासमोर दोघांनी तोंडानं म्हणायचं, आमच्या मागे कोणी नाही. एवढं म्हटलं की पुढचं माझं काम. म्हणा, यजमान."

अण्णांनी चष्मा सारखा केला. "आमच्या मागे कोणी नाही," ते म्हणाले. अगदी सरळ म्हणाले. मुकुंदचं नाव घेताना काशीच्या गच्चीत जो आवाज अडखळला होता तो इथं अडखळला नाही.

मी त्यांच्या मागे उभी होते. हातभर अंतरावर. रिकामा द्रोण माझ्या हातात होता आणि बोटांना दही लागलं होतं.

"बाई, तुम्ही म्हणा."

"आमच्या मागे..." आई थांबली. "गुरुजी, तो असला तर? असं म्हणून त्याला काही होणार नाही ना?"

"असला तरी तुमच्या मागे नाही, बाई. मागे असता तर तुम्ही इथं आला नसता. म्हणा."

आईनं डोळे मिटले. "आमच्या मागे कोणी..."

"मी आहे."

मला वाटलं मी मनात म्हणाले. पण गुरुजींचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं, तेव्हा कळलं की ते मोठ्यानं गेलं.

"वृंदा," अण्णा न वळता म्हणाले, "मध्ये बोलू नये. विधी चाललाय."

"मी आहे, गुरुजी," मी पुन्हा म्हणाले. आता थांबणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. "मघापासून मागेच उभी आहे. त्यांना विचारा, हे दही कुणी आणलं? खाली तांब्या कुणी धरला होता? हरिद्वारला यांना ताप आला तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं? देवासमोर कोणी नाही म्हणतात! मला पुसून टाका आणि मग म्हणा. मी उभी असताना नका म्हणू."

"अगं, पण मुलीचं तसं धरत नाहीत," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला शास्त्र समजावून सांगत होते, आणि तेच मला जास्त लागलं. "उद्या तू दुसऱ्या घरची होणार..."

"कधी? कधी होणार, अण्णा? मला चौतिसावं चाललंय."

बाहेर कुठं तरी घंटा वाजली. गुरुजींनी विचारलं, "लेकीचं लग्न झालेलं नाही?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग ती तुमच्याच गोत्रात आहे, यजमान." गुरुजींनी पुढे वाकून आधी अण्णांच्या आणि मग आईच्या हातावरचा पिंड उचलून घेतला. "आणि झालं असतं तरी मी हे ठेवलं नसतं. ही जागा निराधारांची आहे. मागे माणूस उभं असताना कोणी नाही असं जनार्दनापुढे कुणाकडून वदवून घेण्याचं पाप मी करत नाही. हे मी गायीला घालतो. उठा तुम्ही दोघं."

अण्णा उठले नाहीत. रिकामा तळहात तसाच पुढे धरून ते त्याच्याकडे बघत बसले. आई मात्र उठली. गुडघा धरून, भिंतीला हात टेकून, सावकाश उठली आणि माझ्याकडे वळली.

ती मला रागावेल असं मला वाटलं होतं. ती नुसती बघायला लागली. ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. आग्र्याला, पुरीला, कन्याकुमारीच्या रांगेत परक्या माणसांवरून ती जशी नजर फिरवायची तशीच, आधी कपाळ, मग कान, मग हनुवटी. दारातून थोडासा उजेड येत होता, तिनं मला दंडाला धरून त्या उजेडात ओढलं. दह्या-पिठानं माखलेल्या हातानं माझ्या कानावरची बट मागे सारली.

"वृंदे," ती म्हणाली, "अगं, तुझे केस कधी पिकले?"

"झाली की चार-पाच वर्षं," मी म्हणाले.